घरात पिस्तूल येतं तेव्हा

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

स्वयंपाक चालू असेल तर चालू राहू द्या, पण आज कान जरा इकडे असू द्या.

आपल्या कार्यक्रमाला एका बचत गटातल्या ताईंची चिठ्ठी आली. त्यांचे मालक फौजेतून निवृत्त झाले, आता बोरिवलीला नोकरीला असतात. त्यांना शस्त्राचा परवाना मिळाला आणि त्यांनी एक लहान पिस्तूल घेतलं. हाताच्या पंजात मावेल एवढं. ताई लिहितात, "ते सुट्टीवर येतील तेव्हा ते पिस्तूलही घरी येणार. घरात दोन नातवंडं आहेत. ह्यांना विचारलं तर म्हणतात, तुला त्यातलं काय कळतंय. मला खरंच काही कळत नाही. पण घर तर मीच सांभाळते. मी काय करायचं?"

चांगला प्रश्न आहे. आणि तो एकट्या ताईंचा नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात किती घरांतून माणसं फौजेत गेली, परत आली आणि मुंबईच्या उपनगरांत राखणदारीच्या नोकऱ्यांना लागली. अंधेरीची बँक असो, घाटकोपरचं सोन्याचं दुकान असो, मुलुंडची सोसायटी असो, दारावर आपलाच गाववाला भेटतो. कोकणात वानर-डुकरांपासून पीक राखायला बंदूक असते. आणि आता बायकाही परवाना मागतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन साधारण अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे शस्त्र पुरुषाच्या नावावर असो की बाईच्या, ते राहतं घरात. म्हणून त्यातलं कळणं हे घरातल्या बाईचं काम आहे, आणि तिचा हक्कही आहे.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. पिस्तूल आपण बाहेरच्या चोरासाठी घेतो, पण चोवीस तास त्याच्याजवळ असतात ती आपलीच माणसं. त्यामुळे ते आपल्या माणसांपासून कसं राखायचं, हे आधी ठरवायचं.

एक उदाहरण तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. १ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अंधेरीला लागूनच जुहू आहे. तिथे राहणारे सिनेनट गोविंदा बाहेरगावी निघायच्या तयारीत होते. त्यांचं स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून खाली पडलं, गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली, असं त्यांच्या माणसांनी सांगितलं. डॉक्टरांनी गोळी काढली, जिवावरचं पायावर निभावलं. आता बघा, इथे चोर नव्हता, भांडण नव्हतं, कुणी शत्रू नव्हता. परवाना होता, कपाटही होतं. फक्त ठेवताना आत गोळी होती.

जिच्या घरात हत्यार येणार आहे, तिने हे मनात पक्कं धरावं. कपाटात जाणारं पिस्तूल आधी रिकामं झालं पाहिजे.

रिकामं म्हणजे काय, ते सांगते. दोन जाती असतात. रिव्हॉल्व्हरला मध्ये गोल फिरणारी चकरी असते, तिच्या भोकांत पाच-सहा गोळ्या बसतात. चकरी बाहेर काढली की सगळी भोकं डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचं तसं नसतं. त्याच्या मुठीत गोळ्यांची चपटी पेटी सरकवलेली असते, तिला मॅगझिन म्हणतात. ती काढली की पुष्कळांना वाटतं, झालं रिकामं. पण मैत्रिणींनो, एक गोळी वर नळीच्या मागच्या टोकाशी चढून बसलेली असू शकते. मॅगझिन हातात आणि गोळी नळीत. "रिकामं होतं हो, कशी सुटली कळलंच नाही" असं मागाहून म्हणतात, त्यात पुष्कळदा हीच गोळी असते. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग वरचा भाग मागे ओढून नळीचं घर डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं. हे मालकाने करायचं, ज्याच्या नावावर परवाना आहे त्याने. आपण हात लावायचा नाही. पण आपण समोर नाही, बाजूला उभं राहून विचारू शकतो, "मॅगझिन काढलं का? नळी बघितली का?" गॅसची टाकी आली की आपण विचारतोच ना, रेग्युलेटर नीट बसला का? तसंच हे.

हत्यार हाताळायचे चार नियम आहेत. पोलिसांत असोत, फौजेत असोत, सगळीकडे हेच शिकवतात. तुम्ही पाठ करा.

पहिला, प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजून वागायचं. दुसरा, नळीचं तोंड माणसाकडे कधीच करायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. तिसरा, बोट चापावर ठेवायचं नाही. चाप म्हणजे जो ओढला की गोळी सुटते तो, ज्याला पुष्कळ लोक घोडा म्हणतात. आणि चौथा, समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे बघायचं.

हा चौथा नियम आपल्यासारख्यांच्या घरात फार महत्त्वाचा. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर घराला घर चिकटलेलं, मध्ये पत्रा. आपल्या गावाकडेही कुडाची भिंत, पत्र्याची भिंत असते. पिस्तुलाची गोळी पत्र्यात थांबत नाही. पत्र्यातून जाते, प्लायवूडच्या दारातून जाते, आणि पलीकडे कुणाचं बाळ पाळण्यात असेल ते तिला दिसत नाही. "रात्री चोर आला तर मी अंधारातच झाडीन" असं बोलणाऱ्याला विचारा, पलीकडे कोण झोपतं?

आता ठेवायचं कुठे? आपल्या बायकांच्या लपवायच्या जागा ठरलेल्या. तांदळाचा डबा, गादीखाली, साड्यांच्या घडीत, देव्हाऱ्यामागे. मी विचारते, यातली कोणती जागा तुमच्या पोराला माहीत नाही? लाडवाचा डबा तुम्ही कुठेही ठेवा, पोरं शोधतात की नाही? मग पिस्तूलही शोधतील. लपवणं वेगळं आणि कुलपात ठेवणं वेगळं.

बरं, कुलूप म्हणजे घरातलं लोखंडी कपाट का? ते दिवसातून वीस वेळा उघडतं. साडी काढायला, पैसे काढायला, औषध काढायला. त्याची चावी त्यालाच लटकत असते. म्हणून कपाटाच्या आत वेगळी कुलपाची लोखंडी पेटी हवी, शक्यतो भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने आवळलेली. पिस्तूल रिकामं करून त्या पेटीत. गोळ्या दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या कुलपात. आणि चावी खिळ्यावर नाही, परवाना असलेल्या माणसाच्या अंगावर. परवाना घेताना माणूस शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी सरकारला लिहून देतो, त्यामुळे यात कुणावर उपकार नाहीत. २०१६ च्या शस्त्र नियमांत हाताळणीच्या प्रशिक्षणाची अटही आहे. ताईंनी मालकांना खुशाल म्हणावं, "तुम्ही सरकारला लिहून दिलंय, मग मलाही ती पेटी दाखवा."

चामड्याच्या म्यानात घालून महिनोन् महिने कपाटात ठेवू नका. मुंबईची आणि कोकणाची हवा दमट, चामडं ओल धरतं आणि लोखंड गंजतं. गंजलेलं हत्यार अडतं, आणि अडलेलं हत्यार झटकून, आपटून बघायच्या नादात अपघात होतात. साफसफाईचंही तसंच. साफ करायला बसताना गोळ्या त्या खोलीतच नकोत, आणि पोरंही नकोत.

दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रपूजा असते. विळा, कोयता, नांगराचा फाळ, त्यात परवान्याचं हत्यारही पाटावर ठेवतात. ठेवा. पण मालकाने स्वतः रिकामं करून ठेवावं, तोंड भिंतीकडे, गोळ्या पूजेत नकोत. आरती झाली की सगळ्यांत आधी ते उचलून कुलपात. पाटावर हत्यार तसंच आणि घरातले सोनं वाटायला गावात गेले, असं होऊ देऊ नका.

मुलांना काय सांगायचं? नुसतं "हात लावलास तर मार खाशील" म्हटलं की कुतूहल दुप्पट होतं. तीन वाक्यं शिकवा. दिसलं तर हात लावायचा नाही. तिथून लांब जायचं. मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. मित्राच्या घरी दिसलं तरी हेच. खेळण्यातली पिस्तुलं आता खऱ्यासारखी मिळतात, लहान मुलाला फरक कळत नाही. पण लक्षात ठेवा, शिकवलेलं पोर विसरतं, कुलूप विसरत नाही.

आता बाहेर नेण्याबद्दल. ज्या बहिणींनी स्वतःसाठी पिस्तूल घेतलं आहे किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे सांगते. पुष्कळजणींना वाटतं, लहानसं आहे, पर्समध्ये टाकलं की झालं. अंधेरी स्टेशनवर सकाळी साडेआठला महिला डब्यात चढून बघा. पर्स एका बाजूला ओढली जाते, आपण दुसऱ्या बाजूला. आत गेल्यावर ती रॅकवर जाते, नाहीतर कुणाच्या मांडीवर. त्या पर्समध्ये किल्ल्या, पेन, कंगवा. यातलं काहीही चापात अडकू शकतं. आणि पर्सच चोरीला गेली तर? तुमच्या नावाचं हत्यार चोराच्या हातात. मॉलच्या दारात, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या दारात पिशवी तपासतात, तिथे काय सांगणार? हत्यार न्यायचंच असेल तर अंगावर, चाप पूर्ण झाकणाऱ्या म्यानात, आणि परवाना जवळ. कमरेला नुसतं खोचून नाही. आणि जिथे न्यायचं नाही तिथे आधीच घरी कुलपात ठेवून निघायचं.

परवाना कुठे चालतो, हेही वाचून घ्या. परवान्यावर लिहिलेलं असतं, जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर. गावाकडे परवाना जिल्हाधिकारी देतात, मुंबईत पोलीस आयुक्त. जिल्ह्यापुरता परवाना घेऊन माणूस हत्यारासकट मुंबईला गेला तर तो गुन्हा होतो. राहायचा पत्ता बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, गटाच्या हप्त्याची लिहितो तशी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते. आली की जमा करा आणि पावती जपून ठेवा.

आपलं हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. भावाच्या नाही, मुलाच्या नाही, नोकरी देणाऱ्या शेटच्याही नाही. ८ फेब्रुवारी २०२४ ला बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात त्यांचा जीव गेला. ज्याने झाडल्या त्याच्या नावावर ते पिस्तूल नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं, असं पोलिसांनी सांगितलं, आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली. गावाहून मुंबईला राखणदारीला गेलेल्या आपल्या माणसाला हे जरूर सांगा. साहेब म्हणाले, "तुझं पिस्तूल माझ्या टेबलाच्या खणात ठेव," तर नाही म्हणायचं. नोकरी दुसरी मिळेल.

लग्नात, हळदीत, वरातीत हवेत गोळ्या झाडतात. वर गेलेली गोळी खाली येतेच. २०१९ पासून कायद्यात याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुणाचा जीव गेला तर त्याहून मोठा गुन्हा. आणि पोरांनो, ऐकत असाल तर तुम्हालाही सांगते, बापाचं पिस्तूल हातात धरून मोबाईलवर रील टाकू नका. पोलीस ते रील बघतात आणि दारात येतात.

स्वसंरक्षणासाठी म्हणून गोळी झाडता येते का? कायद्याने जीव वाचवायचा हक्क दिला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. पण जेवढी गरज तेवढंच बळ, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं म्हणजे स्वसंरक्षण नाही. बांधाचं भांडण, भाऊबंदकी, पाण्याच्या पाळीवरची शिवीगाळ, यात पिस्तूल नुसतं दाखवलं तरी गुन्हा होऊ शकतो.

आता जे बोलायला अवघड, ते बोलते. हत्यार घरात आहे आणि घरात दारू आहे. किंवा कर्ज आहे आणि माणूस गप्प गप्प झाला आहे. किंवा भांडणात तो म्हणतो, "थांब, काढतोच आता." मैत्रिणींनो, अशा वेळी "घरातली गोष्ट घरात" म्हणू नका. माणूस खचलेला असेल तर हत्यार काही दिवस घराबाहेर जाऊ द्या. पोलीस ठाण्यात विचारा, किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येतं. त्या माणसाशी बोला, एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मनाच्या त्रासासाठी, फुकट. आणि धमकी तुम्हालाच असेल तर ११२ ला फोन करा, महिलांसाठी १८१ आहे. नंतर लेखी अर्ज द्या, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि पोलिसांकडे, आणि पोच घ्या. लोकांच्या सुरक्षिततेसाठी परवाना स्थगित करण्याची किंवा रद्द करण्याची तरतूद शस्त्र कायद्यात आहे. त्या अर्जाला गटातल्या दोघी बरोबर गेल्या तर पाय लटपटत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जी बायकांना कुणी सांगतच नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नाही. मालक वारले की त्यांचा परवाना संपला. ट्रंकेत त्यांची आठवण म्हणून ठेवलेलं पिस्तूल त्या दिवसापासून विनापरवाना होतं. बिनपरवान्याचं हत्यार बाळगायला किमान दोन वर्षं कैद आहे. दिवसकार्याच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि पुढे वर्षाने पोलीस त्या विधवा बाईला विचारतात. म्हणून विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करायचं. स्वतः हाताळायचं नाही, ठाण्यात कळवलं तर ते सांगतील कसं आणायचं. जमा केलं म्हणजे सरकारजमा झालं, असं नाही. घरातल्या वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मिळवला तर ते परत घेता येतं. नको असेल तर परवाना असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला विकून पैसे वारसांना मिळतात. पण त्याला मुदत असते, ती गेली तर मग ते सरकारजमा होतं. हयातीतही सोय आहे. मालकाचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, तर वारसाच्या नावासाठी अर्ज करता येतो. वारसाचं वय मात्र किमान २१ हवं. घरातल्या सातबाऱ्याच्या आणि बँकेच्या पुस्तकाच्या फाईलमध्ये शस्त्र परवान्याची एक झेरॉक्स असू द्या.

देव करो आणि वेळ न येवो, पण कुणाला गोळी लागलीच, तर आधी ११२ किंवा १०८. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, गाडी येईपर्यंत सोडू नका. गोळी काढायला जाऊ नका, हळद, चहापूड भरू नका, पाणी पाजू नका. आणि हत्याराला हात लावू नका.

शेवटी ज्या बहिणी विचारतात, "मी पिस्तूल घ्यावं का?" त्यांना मी नको म्हणत नाही आणि घ्या म्हणत नाही. एवढंच सांगते, स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला धोका आहे तो बाहेरच्याकडून की घरातल्याकडून? कुलपाची पेटी, सराव आणि कागदपत्रं यांचा खर्च आणि वेळ मी देऊ शकते का? आणि संकटाच्या क्षणी कुलपातलं पिस्तूल काढून होईपर्यंत, शेजारीण हाकेला येईल की नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं असेल, तर पिस्तुलाच्या आधी ते काम करायला घ्या. एक शिट्टी, दारावर दिवा, चार घरांचे नंबर आणि ११२, याला परवाना लागत नाही.

येत्या बैठकीत हिशेब झाल्यावर पाच मिनिटं या विषयाला द्या. आपल्या वाडीत कुणाच्या घरी परवान्याचं हत्यार आहे ते चारचौघांत विचारू नका, त्याने चोराला पत्ता मिळतो. फक्त एवढं सांगा, ज्यांच्या घरी असेल त्यांनी आज रात्री विचारावं, मॅगझिन काढलं का, नळी बघितली का, चावी कुणाकडे आहे.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे केंद्रावर पाठवा.